न झालेली दुसरी लढत

कुस्ती चटकदार झाली आणि निकाल थोडक्यात लागला, की आखाड्याभोवतीची मंडळी लगेच उठत नाहीत. हीच जोड पुन्हा एकदा लावा, असा आग्रह सुरू होतो. राजकारणाच्या आखाड्यातही हे कुतूहल असते आणि काही देशांत ते पुरेही झाले आहे. अमेरिकेत १९५२ साली आयसेनहॉवर यांच्याकडून पराभूत झालेले ॲडलाय स्टीव्हन्सन १९५६ साली त्यांच्याचविरुद्ध पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. फ्रान्समध्ये १९७४ साली जिस्कार देस्तँ यांनी मितराँ यांचा निसटता पराभव केला. सात वर्षांनी त्याच दोघांची गाठ पडली, तेव्हा मितराँ जिंकले. भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी मात्र दोन तुल्यबळ प्रतिस्पर्धी दुसऱ्यांदा समोरासमोर आल्याचे उदाहरण नाही. चौधरी हरिराम नावाचे एक गृहस्थ डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध १९५२ व १९५७ असे दोनदा उभे राहिले होते खरे. पण दुसऱ्या वेळी त्यांना मिळालेल्या मतांचे मूल्य २,६७२ होते. तिला लढत म्हणता येणार नाही.

तरीही एक जोड अशी आहे, की जिची दुसरी लढत व्हायला हवी होती असे राजकारणाच्या अभ्यासकाला वाटत राहते. ती जोड म्हणजे वराहगिरी व्यंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी. १९६९ साली हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि स्वतंत्र भारतातील सर्वांत अटीतटीची राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. पुढे दोघेही राष्ट्रपती झाले, पण पुन्हा समोरासमोर आले नाहीत. ते आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न केवळ फावल्या वेळच्या करमणुकीचा नाही. राष्ट्रपतीची निवड आपण कशासाठी करतो, हा मूळ प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

प्रथम पहिल्या लढतीची हकीकत ध्यानात घेतली पाहिजे. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसचा उमेदवार ठरवण्यासाठी जुलैत बंगलोर येथे पक्षाचे संसदीय मंडळ बसले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. परंतु मंडळातील बहुमत, ज्याला वृत्तपत्रांनी ‘सिंडिकेट’ हे नाव दिले होते त्या ज्येष्ठांच्या बाजूने गेले व लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी यांची निवड झाली. रेड्डींच्या बाजूने मत देणाऱ्यांत मुंबईचे स. का. पाटील होते, तसेच यशवंतराव चव्हाणही होते. पंतप्रधानांनी हा पराभव वरकरणी मान्य केला आणि रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून स्वतः सही केली. परंतु चारच दिवसांत मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलै रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरी यांची होती. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पदाचा राजीनामा दिला आणि ते अपक्ष उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात उतरले.

पुढे जे घडले त्याने ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा एरवी नीतिशास्त्राच्या पुस्तकात वावरणारा शब्द घराघरांत पोचवला. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी बोलणी केली. त्याचा दाखला देऊन पंतप्रधानांनी पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीस स्मरून मत द्यावे असे सांगितले. ज्यांनी रेड्डींचा अर्ज सुचवला होता, त्याच आता रेड्डींना मत न देण्याची मुभा देत होत्या. १६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीच्या मतांत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ असे मूल्य मिळाले. आवश्यक कोटा कोणीच गाठला नव्हता. शेवटी दुसऱ्या पसंतीची मते धरून गिरींचे मूल्य ४,२०,०७७ झाले व रेड्डींचे ४,०५,४२७.

या आकड्यांत मराठी वाचकाने थोडा वेळ रेंगाळावे असे बरेच आहे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव या निवडणुकीत जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या पाठिंब्याने उभे होते. ते जिंकणार नव्हतेच. पण अखेरचा निर्णय त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीच्या आकड्यांनी करावयाचा होता. फेरवाटपात रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ मूल्याची भर पडली आणि गिरींच्या पारड्यात अवघी १८,५६२ ची. तरीही रेड्डी १४,६५० ने मागे राहिले. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे गिरींना मत देणाऱ्या केवळ तेरा खासदारांनी आपला कौल बदलला असता, तर रेड्डी १९६९ मध्येच राष्ट्रपती झाले असते. तेरा माणसांचे मन हा एवढाच त्या निकालाचा पाया होता. त्यानंतर तीन महिन्यांत काँग्रेस दुभंगली. बंगलोरला रेड्डींच्या बाजूने कौल देणारे यशवंतराव इंदिराबाईंबरोबर राहिले आणि स. का. पाटील संघटना काँग्रेसमध्ये राहिले.

आता कल्पनेला थोडी वाट मोकळी करून देऊ. गिरींची मुदत ऑगस्ट १९७४ मध्ये संपत होती. माजी किंवा विद्यमान राष्ट्रपतीस पुन्हा उभे राहण्यास संविधानाची आडकाठी नाही. समजा, सत्तारूढ काँग्रेसने फक्रुद्दीन अली अहमद यांच्याऐवजी ऐंशीच्या उंबरठ्यावरील गिरींनाच पुन्हा उमेदवारी दिली असती. आणि समजा, विरोधी पक्षांनी त्रिदिब चौधरी यांच्याऐवजी १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत पराभूत होऊन अनंतपूरकडे शेतीवर गेलेल्या रेड्डींना पाचारण केले असते. मग काय झाले असते? निकालाविषयी शंका घेण्यास जागाच नाही. १९७१ आणि १९७२ च्या निवडणुकांनी संसद व बहुतेक विधानसभा काँग्रेसच्या हाती दिल्या होत्या. प्रत्यक्षातील निवडणुकीत अहमद यांना सुमारे ऐंशी टक्के मूल्याची मते मिळाली. रेड्डींच्या नावामुळे त्यात थोडा फरक पडला असता, एवढेच. गिरी जिंकले असते आणि सहज जिंकले असते.

परंतु या काल्पनिक लढतीत एक उलथापालथ झाली असती. १९६९ साली रेड्डी हे पक्षाचे अधिकृत उमेदवार होते व गिरी अपक्ष. १९७४ मध्ये गिरी हे अधिकृत उमेदवार झाले असते आणि रेड्डी बाहेरचे. अशा वेळी सदसद्विवेकबुद्धीची हाक कोणी दिली असती? ती रेड्डींच्या बाजूने आली असती आणि पाच वर्षांपूर्वी त्या बुद्धीचे गोडवे गाणारे पक्षशिस्तीचे पाठ देऊ लागले असते. संख्याबळ कमी असले की विवेक आठवतो आणि हाती आले की शिस्त आठवते, हा पक्षांचा जुना स्वभाव आहे. या दुसऱ्या लढतीचा पहिला उपयोग हा, की १९६९ च्या त्या थोर शब्दाची पारख झाली असती. त्यातला किती भाग तत्त्वाचा होता आणि किती सोयीचा, हे जनतेस पाच वर्षांच्या आतच दिसले असते.

दुसरी कल्पना १९७७ ची. अहमद यांचे ११ फेब्रुवारी १९७७ रोजी निधन झाले. मार्चच्या निवडणुकीत जनता पक्ष सत्तेवर आला. आंध्र प्रदेशातून त्या पक्षाचे एकटे रेड्डी नंद्याळ मतदारसंघातून निवडून आले आणि पुन्हा सभापती झाले. जुलैत त्यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले, तेव्हा एकूण सदतीस अर्ज दाखल झाले होते. छाननीत छत्तीस फेटाळले गेले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. बिनविरोध निवडून आलेले ते आजवरचे एकमेव राष्ट्रपती होत. समजा, काँग्रेसने तेव्हा एकमताचा मार्ग सोडून ब्याऐंशी वर्षांच्या गिरींना उभे केले असते. तरी रेड्डीच जिंकले असते. थोडक्यात, दुसरी लढत १९७४ मध्ये झाली असती तर गिरी आणि १९७७ मध्ये झाली असती तर रेड्डी, असा निकाल मतपेटी उघडण्यापूर्वीच लिहून ठेवता आला असता. निकाल काळाने लावला असता. उमेदवारांच्या गुणावगुणांना त्यात फारसे स्थान नव्हते.

मग अशा लढतीची हुरहुर बाळगण्यात अर्थ काय? अर्थ आहे. निवडणुकीचे काम केवळ माणूस निवडण्याचे नसते, त्या माणसास प्रश्न विचारण्याचेही असते. १९६९ मध्ये पक्षातील दोन गटांपैकी कोण वरचढ, या एका प्रश्नाखाली बाकीचे सारे प्रश्न गाडले गेले. गिरी राष्ट्रपती झाल्यास सहीसाठी आलेल्या कागदाबाबत काय विचारतील, रेड्डी झाल्यास काय करतील, हे कोणी विचारले नाही. रेड्डींची नालस्ती करणारे एक निनावी पत्रक मात्र मतदारांत वाटले गेले. त्यावरून निवडणूक रद्द करण्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला, राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीस हजर राहिले आणि १९७० मध्ये अर्ज फेटाळला गेला. एवढ्या मोठ्या पदाच्या निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्यावर चिखल उडाला. त्याच्या लेखणीविषयी मात्र अक्षरही निघाले नाही.

दुसऱ्या लढतीत ते निघू शकले असते, कारण तोवर जमाखर्चाची वही तयार झाली होती. गिरींच्या कारकिर्दीत संस्थानिकांची मान्यता एका आदेशाने काढून घेण्यात आली. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये रद्द ठरवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गिरी सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर असताना उत्तर प्रदेशातील राष्ट्रपती राजवटीचा कागद त्यांच्यापुढे कीव्ह येथे ठेवला गेला आणि त्यावर सही झाली. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीशांची नेमणूक झाली. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप मोडून काढण्यात आला आणि हजारो कामगार तुरुंगात गेले. त्या वेळी राष्ट्रपती भवनात बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या उमेदीत बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना बांधली होती! आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिसेंबर १९७१ मध्ये युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी, ते युद्ध दोन आठवड्यांत संपूनही, ऑगस्ट १९७४ मध्ये चालूच होती. युद्ध नसताना ही आणीबाणी कशासाठी, एवढा एकच प्रश्न रेड्डींनी राज्याराज्यांच्या राजधान्यांत आमदारांपुढे विचारला असता आणि गिरींना त्याचे उत्तर द्यावे लागले असते, तरी ती हरलेली निवडणूक देशाच्या कामी आली असती.

कारण दहाच महिन्यांनी २५ जून १९७५ ची रात्र उजाडावयाची होती. त्या रात्री अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक त्यानंतर, २६ जूनच्या पहाटे झाली. गिरी त्या जागी असते तर त्यांनी सही नाकारली असती, असे म्हणण्यास त्यांची पाच वर्षांची कारकीर्द आधार देत नाही. रेड्डी असते तर काय झाले असते, हेही कोणी छातीठोकपणे सांगू नये. मुद्दा नकाराचा नव्हताच. संसदीय राज्यपद्धतीत राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे असते. परंतु सल्ला मंत्रिमंडळाचा आहे काय, हे विचारण्याचा अधिकार त्यास नक्कीच होता. ‘मंत्रिमंडळ बसले आहे का?’ हा साधा प्रश्न त्या रात्री विचारला गेला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये अबू अब्राहम यांच्या व्यंगचित्रात राष्ट्रपती न्हाणीघरातील टबात बसून वटहुकमांवर सह्या करताना दिसले, तेव्हा देश हसला. पण त्या हसण्यात लाज मिसळलेली होती.

रेड्डींच्या बाजूनेही हिशेब कोरा नाही. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी जुलै १९७९ मध्ये राजीनामा दिल्यावर त्यांनी चौधरी चरणसिंग यांना सरकार बनवण्यास बोलावले. चरणसिंग एकदाही लोकसभेला सामोरे गेले नाहीत. त्यांनी राजीनामा देताना लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला आणि रेड्डींनी २२ ऑगस्टला तो मानला. त्या वेळी जनता पक्षाचे नेते या नात्याने सरकार बनवण्याचा दावा सांगणारे गृहस्थ होते जगजीवनराम. बंगलोरमध्ये ज्यांचे नाव मागे टाकून रेड्डी उमेदवार झाले, त्यांच्याच पंतप्रधानपदाची वाट दहा वर्षांनी रेड्डींच्या निर्णयाने बंद झाली. निर्णय योग्य की अयोग्य यावर घटनापंडितांत मतभेद आहेत. पण बिनविरोध निवडून आलेल्या राष्ट्रपतीस त्रिशंकू परिस्थितीत आपण कोणत्या तत्त्वाने वागू, हे १९७७ मध्ये कोणी विचारलेच नव्हते. जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाईंना पंतप्रधानपदाची शपथ देण्याचे काम रेड्डींच्याच वाट्यास आले. इतिहासाला दुसरी लढत लावता आली नाही, पण उपरोधाची हौस मात्र त्याने भागवून घेतली.

काही जण म्हणतील, राष्ट्रपती हा रबरी शिक्का. त्याच्या निवडणुकीचा एवढा ऊहापोह कशाला? नागरिकशास्त्राच्या तासाला हे वाक्य विद्यार्थी सहज फेकतात आणि शिक्षकही पुष्कळदा मान डोलावतात. ते अर्धसत्य आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. परंतु १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठवण्याचा अधिकार त्यास दिला आणि आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणे आवश्यक ठरवले. जो प्रश्न एका रात्री विचारला गेला नाही, तो विचारण्याची तरतूद देशाला संविधानात लिहून ठेवावी लागली! या अधिकाराचा उपयोगही झालेला आहे. के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने तिचा आग्रह सोडला. कीव्हमध्ये झालेली सही आणि दिल्लीत परत गेलेला कागद, यांतील अंतर सत्तावीस वर्षांचे होते. मंत्री आणि खासदार संविधानाशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती त्याचे रक्षण करण्याची शपथ घेतो. रक्षकाच्या आयुष्यात नुसत्या उभे राहण्याचे दिवस पुष्कळ असतात, पण त्याची नेमणूक एखाद्या रात्रीसाठीच असते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. नारायणन तर शेषन यांच्याविरुद्ध जवळजवळ सर्वपक्षीय पाठिंब्याने निवडून आले होते. मग चुरशीच्या लढतीतूनच चांगला राष्ट्रपती निघतो, असे कसे म्हणावे? तसे म्हणताच येत नाही. सर्वांच्या मतांनी निवडून आलेला मनुष्य कोणा एकाचा ऋणी नसतो आणि तेरा मतांच्या काठावर निवडून आलेला आयुष्यभर कोणाचा तरी ऋणी राहू शकतो. लढत हे औषध नव्हे. लढतीच्या निमित्ताने होणारी विचारपूस, हे औषध आहे.

ती विचारपूस आज कोण करते? राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षांना पक्षादेश काढता येत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याची तलवारही या मतदानावर टांगलेली नाही. आमदार-खासदारांना आज पक्षाच्या जोखडातून क्षणभर मोकळी करणारी एवढी एकच मोठी मतपेटी उरली आहे, असे म्हटले तरी चालेल. ती मोकळीक वापरली जात नाही असे नाही. २००७ साली शिवसेनेने आपल्या आघाडीचा कौल बाजूस ठेवून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. परंतु अशा वेळी चर्चा होते ती उमेदवाराचा प्रांत, समाज आणि कोणाची मते फुटली याची. राज्यपालाचा अहवाल आल्यावर, मध्यरात्री वटहुकूम आल्यावर, वर्षानुवर्षे दयेचा अर्ज पडून राहिल्यावर हा मनुष्य कोणता प्रश्न विचारील, याची चर्चा होत नाही. उमेदवार गावोगावच्या विधानभवनांत जातात, पुष्पगुच्छ घेतात, हात जोडतात आणि परततात.

गिरी गेले, रेड्डी गेले. त्यांची दुसरी लढत आता केवळ कल्पनेतच लावता येईल आणि तिचा निकालही आपण वर मांडलाच आहे. पण त्या जोडीला पुन्हा आखाड्यात आणण्याची गरजही नाही. गरज आहे ती १९६९ च्या त्या मतदाराची, ज्याला पक्षाच्या चिठ्ठीपलीकडे आपलेही एक मन आहे याची काही दिवस का होईना जाणीव झाली होती. मग ती जाणीव करून देणाऱ्यांचा हेतू कितीही मिश्र असो. पुढच्या वेळी आपल्या मतदारसंघातील आमदार राष्ट्रपतिपदासाठी मत देण्यास निघेल, तेव्हा त्यास एक पोस्टकार्ड जरूर लिहावे. कोणाला मत देणार, असे त्यात विचारू नये. तो गुप्त मतदानाचा अधिकार त्याचा आहे. ज्याला मत देणार त्याला काय विचारलेत, एवढेच विचारावे.